चिखलासाठी केलेला पाय

दादा,

आज सकाळी टाचेत एक खडा रुतला. लहानसाच, पण टोकदार. बांधावर बसून पाय काढला, खिळ्यानं खडा उकरला आणि मनात म्हटलं, दादा आला की सांगायचं, टाच आता मऊ पडली, खडे धरायला लागली. एवढं मनात म्हणून झालं आणि मग ध्यानात आलं. पाय तसाच मांडीवर घेऊन किती वेळ बसले कुणास ठाऊक. पलीकडच्या खाचरात बायका बेणणीला, तण काढायला उतरल्या होत्या, त्या बघतील म्हणून उठले.

तू जाऊन महिना व्हायला आला. घरी वंदना झाली, पुण्यानुमोदनाला भोरहून तुझे शेठ आले, दुकानातली माणसं आली. सगळे उभं राहून तुझ्याविषयी चांगलं बोलले. तू कसा मितभाषी होतास, कुणाशी कधी भांडला नाहीस, असं. मी ऐकत होते. माझ्याशी तर तू अकरा-बारा वर्षं भांडतच होतास. मलाही बोल म्हणाले, पण मी उठले नाही. तुझं-माझं सगळं बोलणं रबराचं, प्लॅस्टिकचं, पट्ट्याचं. चारचौघांत ते काय सांगायचं? म्हणून तुलाच सांगते.

घोणस चावली तेव्हा मी सोळा-सतराची असेन. गवत कापत होते. झोळीत घालून मला वेल्ह्याला नेलं, तिथून जीपनं पुण्याला. तोवर पाय घोट्याच्या वर काळा पडला होता. तू तेव्हा पुण्यात रबराच्या कारखान्यात कामाला होतास, यंत्रांची वायसरं आणि नळ्या बनायच्या तिथं. मी शुद्धीवर आले तेव्हा तू खाटेच्या पायथ्याशी बसला होतास. पांघरूण गुडघ्याखाली जिथं सपाट झालं होतं तिथं तू हात ठेवला होतास, जसं काही खाली अजून पाय आहे आणि तो झोपलाय.

"हिरे, रडून घे," तू म्हणालास. "मग आपण बघू."

मी रडले. तू नाही रडलास. तू माझ्या कुबड्या उलट्या करून त्यांची रबरी बुडं बघत होतास आणि त्यांत अंगठ्याचं नख दाबत होतास. तुझी ती सवयच होती. कसलंही रबर हातात आलं की नख दाबायचं आणि खूण किती वेळात भरून येते ते बघायचं. पुढच्या भेटीला तू टायरच्या तुकड्याची बुडं करून आणलीस. घरी पासलीला आल्यावर पहिल्या पावसात त्या बुडांवरून मी ओल्या कातळावर घसरून पडले. मग तू ट्यूबच्या मऊ रबराची आणलीस. ती कातळाला चिकटून राहायची, पण महिन्याभरात झिजून गेली.

"घट्ट रबर टिकतं पण धरत न्हाई," तू म्हणालास. "मऊ धरतं पण टिकत न्हाई. एकाच रबराकडनं दोन्ही मागायचं न्हाई, हिरे. वर एक लावू, खाली एक."

आई चुलीपुढनं म्हणाली, "माणसाचंबी तसंच हाय."

दवाखान्यातून मला एक पाय मिळाला होता. लाकडाचा, वर चामड्याची वाटी, खाली बूट. पाय चांगला होता. सडकेवर, फरशीवर चालणाऱ्यासाठी होता. पण आमच्याकडे चार महिने आभाळ खाली उतरून बसतं. लाकूड फुगलं, बूट गाऱ्यात राहिला आणि मी एका पायावर घरी आले. तेव्हा मी तुला म्हटलं, मला खाचरात उतरायचंय.

"खाचरात उतरायची तुला गरजच काय? मी हाय की."

"तू पुण्यात हाईस."

"पैसं पाठवतोय न्हवं?"

"मला पैसं नगंत. मला लावणी करायचीय. सगळ्या बाया खाचरात असत्यात आन मी वसरीवर बसून कोंबड्या हाकते."

हे आपलं पहिलं भांडण. यात कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही, कारण तू 'बरं' असं कधी म्हणालाच नाहीस. नुसता पुणं सोडून भोरला आलास. झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवायच्या दुकानात लागलास. आईला सांगितलंस, पुण्याची हवा मानवत नाही. मला ते कधीच पटलं नाही. कारखान्यात स्वतःसाठी यंत्र वापरू देत नाहीत आणि भोरचे शेठ देतात, एवढं मला नंतर कळलं. मी कितीदा तरी विचारलं, पुणं कशापायी सोडलंस? तू म्हणायचास, हवा. आता तर तूच नाहीस, मग मी माझ्या मनाचंच खरं धरणार. हवाबिवा काही नव्हतं, दादा.

भोरच्या एका ओताऱ्याकडून तू पायाचा ॲल्युमिनियमचा साचा ओतून घेतलास. दुकानातलं काम संपलं तरी यंत्राला वाफ असायचीच, तिच्यावर तू माझा पाय शिजवायचास. शिजवणं हा तुझाच शब्द. रबरात गंधक किती, काजळी किती, आणि किती वेळ वाफेवर ठेवायचं, सगळं तू आई भाकरीचं सांगायची तसं सांगायचास. पहिला पाय जास्त गंधकाचा झाला. दगडावर टेकला की ठण्णकन गुडघ्यात लागायचं. दुसरा कच्चा राहिला. तो माझ्या भारानं भिजल्या भाकरीसारखा पसरायचा. तिसऱ्याला तू टाचेत स्पंजाचं रबर घातलंस. काय सुख होतं त्या टाचेत! आठवडाभर मी गावातून उगाचच हिंडले. मग एक दिवस स्पंज दबला तो दबलाच. पुन्हा वर आला नाही.

दर भेटीला तू यायचास, पिशवी खाली ठेवायचास, पाणी प्यायचास आणि विचारायचास, "काय चुकलं ते सांग."

मी म्हणायची, "बरा हाय की."

"बरा हाय म्हणल्यावर मला काय कळणार? चुकलं ते सांग. म्हणजी फुडचा सुधरील."

मग मी सांगायची. टाच दबली. बोटं वाकत नाहीत, चढाला पाय मागं ओढतो. कड उचकटली. बाकीच्या बहिणी भाऊ यायचा म्हणून काही गोडधोड करून ठेवतात. मी तुझ्यासाठी चुका साठवून ठेवायची. तू त्या तितक्याच गोडीनं ऐकायचास. कधी एखादी चूक नसली तर मला ओशाळल्यासारखं व्हायचं, रिकाम्या हातानं पाहुण्यापुढं आल्यासारखं.

आणि पहिल्यांदा खाचरात उतरले तो दिवस! तू मुद्दाम रजा काढून आला होतास. पाऊस भुरभुरत होता, बायका तरव्याच्या, भाताच्या रोपांच्या मुठी घेऊन ओळीत उभ्या होत्या. तू विजार वर दुमडून बांधावर उभा. मी उतरले. रबराचा पाय चिखलात गेला, अगदी खालच्या घट्ट मातीपर्यंत गेला आणि टेकला. टेकला, दादा! मी उभी राहिले. मग पुढचं पाऊल टाकायला पाय उचलला, तर गुडघा वर आला आणि पाय खालीच. चिखलानं धरून ठेवला होता. मी तोंडावर पडले. सगळ्या बायका हसल्या, आई हसली, आणि बांधावर तू पोट धरून हसत होतास. मला दवाखान्यात नेल्यापासून तुझं हसू मी बघितलं नव्हतं. गाऱ्यात बसून मी तुला शिव्या दिल्या आणि मग मीही हसायला लागले. तू चिखलात हात खांद्यापर्यंत घालून पाय उपसून काढलास. विहिरीतून कळशी काढावी तसा.

मग मांडीला पट्टा आला. आधी सायकलच्या ट्यूबचा केलास. सकाळी गच्च असायचा आणि दुपारपर्यंत सैल. "ताणून धरलं की रबरबी दमतं," तू म्हणालास. मग सुती केला तर तो पावसात कुजला. शेवटी नायलॉनचा आणलास, तो कुजला नाही. ओला झाला की थोडा सरकायचा, पण त्याला मी गाठ मारायला शिकले.

वरची चामड्याची वाटी दर पावसाळ्यात बुरशी धरायची. तिचा वास माझ्या अंगाला लागायचा आणि मी दुसऱ्यांच्या घरात जायचं टाळायची. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असणार. कारण तू एकदा पाणीयोजनेच्या कामावर उरलेला राखाडी पाइपाचा तुकडा घेऊन आलास. माझ्या पायाच्या खुंटाचा प्लास्टरचा साचा तू आधीच करून नेला होतास. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलंस, पाइप त्यात बुडवलास, आणि तो कडक पाइप आमच्या डोळ्यांपुढं लुळा पडला. तू फडक्यानं धरून तो साच्यावर ओढलास, दाबलास, वर गार पाणी ओतलंस. झाली वाटी. आई म्हणाली, हे तर जादूगाराचं काम.

"न्हाई आये," तू म्हणालास. "प्लॅस्टिक म्हंजी गूळ. तापवला की मऊ, गार झाला की घट्ट, परत तापवला की परत मऊ. रबर तसं न्हाई. रबर म्हंजी भाकरी. येकदा भाजली की तिचं परत पीठ व्हत न्हाई."

ती वाटी मी पहिल्याच पावसात सुकायला चुलीजवळ ठेवली. थोड्या वेळानं बघते तर तिचा आकारच गेला होता. माझ्या पायाचा आकार सोडून ती पुन्हा गोल व्हायला लागली होती, पाइप होती तशी. मला रडू आलं. तू आलास, वाटी हातात घेतलीस आणि तुला राग यायच्याऐवजी कौतुकच वाटलं.

"बघ, ह्याला आपलं मूळ रूप ध्यानात हाय," म्हणालास. "आपण जोर करून बदलतो. तापलं की लगीच माघारी जातंय."

पुन्हा पाणी उकळलंस, पुन्हा केलीस. त्यानंतर मी ती वाटी माजघरातल्या खुंटीवर टांगायला लागले. गावात तेव्हा बायका इरल्याऐवजी प्लॅस्टिकचे कागद घ्यायला लागल्या होत्या. एक पावसाळा ते कागद चालायचे आणि वैशाखाच्या उन्हात पापडासारखे तडकायचे. तू ते तुकडे उचलून बघायचास, मोडून बघायचास. रस्त्यात पडलेली तुटकी चप्पल, फुटका मग, काहीही. मला लाज वाटायची. लोक म्हणायचे, किसन भंगार गोळा करतो का?

आता त्या दुसऱ्या पायाचं बोलते. ते आपलं मोठं भांडण.

आंबवड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला होता, कचेरीत शिपाई होता. त्यांना माझ्या पायाचं मोघम सांगितलं होतं, 'पायानं थोडी अधू आहे,' एवढंच. तू महिनाभर खपून एक पाय केलास. काजळी न घालता, पांढऱ्या खडूच्या भुकटीचा, त्यात गेरू मिसळून. माझ्या कातडीसारखा रंग यावा म्हणून. माझ्यापेक्षा तो जरा उजळच झाला. त्याला पाच बोटं होती आणि बोटांना नखं होती. अंगठ्याच्या नखावर तू बारीक चंद्रकोरसुद्धा कोरली होतीस. इतका सुंदर पाय मला जन्मतःही मिळाला नव्हता.

"काजळीबिगर रबर कमजोर असतंय," तू म्हणालास. "ह्यो चिखलात घालायचा न्हाई. दाखवायपुरता. लगीन झालं की मग बघू."

मी तो पाय घालून घरात चाललेही. आई दारातून बघत होती, तिचे डोळे भरून आले. पाहुणे आले, वसरीवर बसले. मी आत चहा गाळत होते. आणि मला काय झालं ते आजही सांगता येत नाही. मी खाली बसले, गोरा पाय सोडला, काळा चढवला, नायलॉनच्या पट्ट्याला गाठ मारली आणि चहाचं ताट घेऊन बाहेर गेले. काळ्या पायाला खाचरातला चिखल कडेनं वाळून लागलेला होता.

मुलाच्या आत्यानं आधी पाहिलं. तिचा हात कपावर थांबला. मग सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही वाईट बोललं नाही, ते चांगले लोक होते. मुलगा तर म्हणाला, "ह्यो पाय कुणी केला?" तू म्हणालास, "म्या." त्यानंतर पाऊसपाण्याचं बोलणं झालं आणि ते उठले.

ते वळणापलीकडे गेल्यावर तू बोललास.

"काय गरज व्हती?"

"त्यांना कळायचंच व्हतं कवातरी."

"कवातरी कळणं येगळं. लगीन झाल्यावर सावकाश सांगितलं असतं. म्या त्यो पाय कशापायी केला मग?"

"तूच सांग कशापायी केलास. मला आवडावा म्हणून, का त्यांना?"

तू पिशवी उचललीस आणि जेवण न करता उतारानं निघून गेलास. आई तुझ्या मागं वाकडी-तिकडी पळत गेली, पण तू थांबला नाहीस. त्या दिवाळीलाही आला नाहीस.

मी तुला वाईट वाटावं म्हणून नव्हतं केलं ते. पण 'केलं ते चुकलं' असंही मी आज म्हणणार नाही. तो गोरा पाय घालून मी ज्या घरात गेले असते, तिथं मला तो रोज घालावा लागला असता. आणि तो चिखलात चालत नव्हता. एवढंच माझं म्हणणं होतं. ते मला तेव्हा नीट मांडता आलं नाही, तुला ऐकायचं नव्हतं, आणि नंतर आपण दोघांनी तो विषय टाळला.

पुढच्या पावसाच्या तोंडाला तू आलास. पिशवीतून नवा पाय काढून ठेवलास. काळाभोर. त्याला बोटं नव्हती. नावेच्या टोकासारखा पुढं निमुळता, तळ गुळगुळीत.

"बोटांत चिखल धरतो," तू जमिनीकडं बघत म्हणालास. "म्हणून ओढून घेत व्हता. बोटं काढली. आता चिखल सोडंल."

दादा, तो पाय घालून मी चिखलात उतरले तेव्हा चिखलानं खरंच सोडलं. आत टायरमधला दोऱ्याचा थर होता, म्हणून बांधाच्या दगडानं तो फाटला नाही. टाच मऊ, कड घट्ट, पुढचा भाग वाकून परत येणारा. आजतागायत मी जे पाय घातले ते सगळे त्याच साच्याचे. तू माझ्यापुढं हार मानलीस असं मी कधी म्हटलं नाही, आणि तूही म्हणाला नाहीस.

गोरा पाय मी भिंतीवर टांगून ठेवला होता, खिडकीशेजारी. त्यानंतर एकदाही न वापरता त्याला भेगा पडल्या. आधी बारीक, केसासारख्या, मग घोट्याशी आडव्या. तू म्हणालास, "ऊन आन हवा खाती त्याला. काजळी असती तर वाचला असता. टाकून दे." मी टाकला नाही. अजून आहे तिथंच.

तू लग्न केलं नाहीस. माझं आधी होऊ दे म्हणायचास. मी म्हणायची, तुझं होऊ दे. आई या दोन हट्टांच्या मधे बसून म्हातारी झाली आणि गेली. मग पासलीत मी आणि भोरमधे तू. तू म्हणायचास, भोरला ये, खोली मोठी बघतो. मी म्हणायची, तूच हितं ये, भात आहे, घर आहे. तू म्हणायचास, हितं वाफेचं यंत्र कुठाय? मी म्हणायची, भोरला खाचर कुठाय? हसून सोडून द्यायचो. आपल्याला वाटलं, हे भांडण म्हातारपणापर्यंत पुरेल. पाऊस लागला की इथं शेजारचं घरही दिसत नाही, नुसतं धुकं. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही. तेव्हा मी तुझ्या येण्याचा वार धरून राहायची. आता वार कुठलाच धरायचा नाही. सोमवार, मंगळवार सगळे सारखेच येतात आणि जातात.

त्या दिवशी लावणीची शेवटची खाचरं चालू होती. मी अगदी खालच्या खाचरात होते, ओढ्यालगतच्या. वेल्ह्याकडून एसटी येते ती आता आपल्या गावाखाली वळते, तिथं भागामावशीचं चहाचं हॉटेल आहे. कंडक्टरनं तिला निरोप दिला. कावीळ पोटात उतरलीय, भावाला भोरच्या दवाखान्यात ठेवलंय, बहिणीला लगेच घेऊन या म्हणालेत. मावशीनं रस्त्यावरून हाक मारली. एवढ्या पावसात तिचा आवाज कसा आला कोण जाणे. "हिरेऽ, किसन लई आजारी हाय! गाडी सुटतीय!" ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला हॉर्न आठवतो. पुढं आठवतं ते एकदम एसटीतलं बाकडं, माझं चिखलानं भरलेलं लुगडं, आणि मुठीत तशीच राहिलेली तरव्याची जुडी. नसरापूरपर्यंत मी ती धरून बसले होते. शेजारच्या बाईनं ती हळूच काढून घेतली.

दवाखान्यात तू पिवळा झाला होतास, डोळेसुद्धा. शेठ बाकावर बसले होते, मला बघून ते उठून बाहेर गेले. मी खाटेशी उभी राहिले. तू डोळे उघडलेस, माझ्या तोंडाकडं बघितलंस, मग मान वळवून खाली बघितलंस. फरशीवर माझ्या पायाचा चिखल लागला होता.

"पाय कसा हाय?" तुझा आवाज अगदी आतून आला.

माझ्या तोंडी सवयीचं आलं. "टाच झिजलीया. आतल्या अंगानं."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणालास, "फुडच्याला कड जाड ठिवू."

त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मी तुझा हात धरून बसले होते. बोटांवरचे वाफेचे जुने डाग पिवळ्या कातडीत पांढरे दिसत होते. मी ते एकेक बघत होते, आणि कुठला कुठल्या पायाचा असेल ते मनाशी जुळवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

टाच झिजली, हे सांगायला मी एवढी आले का रे? अख्खा रस्ता काय काय मनात योजलं होतं. आईची आठवण काढायची होती. आंबवड्याच्या पाहुण्यांचं एकदा नीट बोलायचं होतं. तुझं पुणं. तुझी ती खोली, तिथं तू एकटा काय जेवायचास हे मी कधी विचारलंच नाही. यातलं काही नाही. टाच.

सगळं उरकून परत आले तेव्हा उघडीप होती. एसटीतून उतरले, भागामावशीनं बळेच बसवलं, चहा दिला. मग म्हणाली,

"कशी पळालीस गं त्या दिशी!"

"कोण?"

"कोण म्हंजी? तू. त्या वड्याकडच्या खाचरातनं निघालीस ती बांध उड्या मारून, चढ चढून सडकंपातुर. म्या तर तोंडात बोटं घातली. डायवर म्हणाला, कवाधरनं बघतोय, ही बाई सावकाश चालती, आन आज हरणावानी आली."

"मावशी, मला पळता येत न्हाई," मी म्हटलं. "चावली तवापासनं पळाले न्हाई मी."

"मग माझं डोळं फुटल्यात का?"

चहा तसाच ठेवून मी रस्त्याच्या कडेला गेले. तिथून ओढ्यालगतचं खाचर दिसतं. मधे चार बांध, दगड रचून केलेली एक उंच ताल, आणि मग सडकेचा उभा चढ. रोज मी तो चढ मधे थांबून, गुडघ्यावर हात ठेवून चढते. बांधावर काही खूण उरली नव्हती, पावसानं सगळं धुऊन नेलं होतं. लावलेलं भात तेवढं हिरवं झालं होतं आणि वाऱ्यानं हलत होतं. मी बघत राहिले. कुठून उडी मारली असेल, कुठं टेकले असेन, ताल कशी ओलांडली असेल. मावशी मागून येऊन उभी राहिली.

"खरंच आठवत न्हाई तुला?"

नाही आठवत, दादा. पळाल्याचं मला काहीच आठवत नाही. तुझ्याकडे यायचं होतं, तेवढं आठवतं.